टक्केवारी कोणत्या टाकीची?

औषधाच्या दुकानातली स्पिरुलिनाची कोणतीही डबी उचलून पाहा, तिच्यावर एक आकडा ठळक छापलेला असतो: प्रथिने 60 ते 70 टक्के. आकडा खोटा नाही. नीट जोपासलेल्या स्पिरुलिनाच्या कोरड्या वजनात एवढी प्रथिने खरोखरच भरतात. पण ही टक्केवारी कोणत्या टाकीतली, कोणत्या महिन्यातली, पाण्यात नत्र किती शिल्लक असताना केलेल्या काढणीची, याचा डबीवर मागमूस नसतो. एवढी प्रथिने बाळगणे हा स्पिरुलिनाचा जातिधर्मच आहे, अशा थाटात तो आकडा मिरवत असतो.

स्पिरुलिनासारख्या सूक्ष्म शेवाळांच्या बाबतीत ही समजूत मुळातच चुकीची आहे, आणि ती एकट्या ग्राहकाची नाही. पोषण आहाराच्या योजना आखणारे, शेवाळापासून इंधन काढू पाहणारे, जोडधंदा म्हणून शेतकऱ्याला टाक्या बांधायला सांगणारे, सगळेच तिच्यावर इमले रचतात. माझे म्हणणे थोडक्यात असे: शेवाळाची जात कळली म्हणून त्याच्या अंगात काय आहे ते कळत नाही, ते कसे वाढवले हे कळल्यावरच कळते. वाढवण्याची रीत हा गुणवत्तेचाच भाग आहे. तो लेबलावर, खरेदीच्या करारात आणि संशोधनाच्या दाव्यांत लिहिला गेला पाहिजे.

हे काही आजचे ज्ञान नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड इथल्या कार्नेगी संस्थेच्या प्रयोगशाळेत हर्मन स्पोर आणि हॅरोल्ड मिल्नर क्लोरेला या हिरव्या शेवाळावर काम करत होते. 1949 साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या बाटल्यांमध्ये क्लोरेलातली प्रथिने एका टोकाला 58 टक्के होती, तर दुसऱ्या टोकाला 9 टक्क्यांच्याही खाली. तेलाचे प्रमाण साडेचार टक्क्यांपासून थेट 85 टक्क्यांपर्यंत गेले होते. शेवाळ तेच, फक्त पाण्यातले क्षार आणि वाढीची परिस्थिती वेगळी. वरचे टोक अर्थातच प्रयोगशाळेतल्या टोकाच्या उपासमारीचे होते, व्यवहारात तिथवर कोणी जात नाही. तरीही एकाच जिवाला एकदा डाळीच्या रांगेत आणि एकदा तेलबियांच्या रांगेत बसवता येते, हे त्या प्रयोगाने पंचाहत्तरहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले.

हे होते कसे, याची किल्ली नत्रात आहे. प्रथिने नत्राशिवाय बनत नाहीत; त्यांच्या वजनाचा साधारण सहावा हिस्सा नत्रच असतो. पाण्यात नत्र मुबलक असेल तोवर पेशी प्रथिने बांधते, मोठी होते, दुभंगते. नत्र संपले की दुभंगणे थांबते. ऊन मात्र पडतच राहते आणि पेशी हवेतला किंवा पाण्यातला कर्ब पकडतच राहते. हा कर्ब ठेवायचा कुठे? नत्राविना प्रथिने होणार नाहीत, म्हणून तो पिष्टाच्या किंवा तेलाच्या रूपात साठवला जातो. प्रथिनांची टक्केवारी घसरते, साठ्याची चढते. पेशीच्या दृष्टीने ही दुष्काळाची तरतूद आहे. आपण तिला 'तेलाचे उत्पादन' म्हणतो.

यावर कोणी म्हणेल, की पिकांचेही असेच असते. युरिया घातलेल्या गव्हात प्रथिने जास्त, न घातलेल्यात कमी. खरे आहे, पण फरक फार मोठा आहे. ज्वारीचे आपण दाणे खातो. दाणा हा रोपाचा एक अवयव, आणि रोप त्याला जिवापाड जपते. पाऊस कमी पडला तर पाने वाळतात, ताटे खुरटतात, कणीस लहान राहते. पण जो दाणा भरतो तो बऱ्याच अंशी ज्वारीसारखाच भरतो. शेवाळाच्या पेशीला पान, ताट, कणीस असे वेगळे काही नाही. जे आहे ते एकाच पेशीत, आणि आपण ती पेशी पूर्ण खातो. त्यामुळे काढणीच्या क्षणी ती भरल्या पोटी होती की उपाशी, उन्हात होती की सावलीत, हे सगळे आपल्या ताटात जसेच्या तसे उतरते.

स्पिरुलिनाच्या टाकीजवळ उभे राहिले तर हे डोळ्यांनी दिसते. हरितगृहाच्या छताखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली उथळ टाकी असते, पाणी जेमतेम गुडघ्याच्या खाली आणि ते सतत हलते ठेवलेले. फ्रान्समध्ये झारूक याने 1966 साली दिलेल्या मूळ कृतीत लिटरमागे जवळपास 17 ग्रॅम खाण्याचा सोडा आणि अडीच ग्रॅम सोडियम नायट्रेट आहे. आपल्याकडचे उत्पादक खर्च वाचवण्यासाठी सोडा कमी करतात आणि नायट्रेटऐवजी युरियाकडे वळतात. इथेच कसब लागते. टाकीचा सामू नऊ-दहाच्या वर असतो आणि अशा पाण्यात युरियापासून निघणारा अमोनिया थोडा जास्त झाला तरी शेवाळाला मारतो. म्हणून युरिया चिमटीचिमटीने घालावा लागतो. हात फार आखडला की टाकी बोलू लागते. गर्द निळसर हिरवे पाणी काही दिवसांत पिवळट पडते. स्पिरुलिनाचा निळा रंग फायकोसायनिन या प्रथिनाचा असतो. ते प्रकाश टिपायला उपयोगी पडतेच, शिवाय पेशीची नत्राची गंगाजळीही असते. बाहेरचे नत्र आटले की पेशी आधी हीच गंगाजळी मोडून खाते. दाम ज्या निळ्या रंगाचा मिळतो तोच अशा वेळी पहिला जातो.

काढणीची वेळही अशीच. दिवसभर उन्हात पेशी ग्लायकोजेन साठवते आणि रात्री श्वसनात ते जाळते. त्यामुळे पहाटे बारीक जाळीच्या कापडातून गाळलेल्या शेवाळात प्रथिनांचा वाटा जास्त भरतो, तर संध्याकाळी काढलेल्या शेवाळाचे वजन जास्त पण प्रथिनांचा वाटा कमी असतो. किलोवर पैसे मिळणाऱ्या उत्पादकाला संध्याकाळ परवडते, टक्क्यावर पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला पहाट. पुढे सोऱ्यातून शेवया पाडून वाळवताना ताप जास्त झाला तर उरलेले फायकोसायनिनही उडते. डबीवरचा आकडा मात्र या सगळ्यातून ढळत नाही.

प्रकाश आणि तापमान यांची गोष्ट नत्राइतकी नाट्यमय नाही, पण तितकीच महत्त्वाची आहे. प्रकाश मंद असला की पेशी तो टिपण्यासाठी रंगद्रव्ये वाढवते. प्रखर झाला की ती कमी करते आणि संरक्षक रंग पुढे आणते. म्हणजे ढगाळ दिवसांत टाकी कमी पिकली तरी तिचा रंग गडद असू शकतो, आणि भर उन्हाळ्यात भरपूर पिकूनही फिका. थंडीत पेशीच्या पडद्यांतला मेद गोठू नये म्हणून शेवाळे असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण वाढवतात. जपानच्या नोरिओ मुराता यांच्या गटाने, स्पिरुलिना ज्यांत मोडते त्या नीलहरित जीवाणूंवर केलेल्या कामातून ही यंत्रणा जनुकांच्या पातळीवर उलगडली आहे. महाराष्ट्रात एप्रिलमधली विदर्भातली टाकी आणि डिसेंबरमधली नाशिककडची टाकी एकच माल देतील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

आता या गोष्टीतला सर्वांत बोचरा भाग. शेवाळापासून आपल्याला जे महागडे पदार्थ हवे असतात, त्यांतले बरेचसे त्या जिवाच्या हलाखीतून जन्मतात. डुनालिएला सलीना हे शेवाळ घ्या. फ्रान्समध्ये माँपेल्येजवळच्या मिठागरांतले पाणी लाल का दिसते याचा शोध घेताना दुनाल या शास्त्रज्ञाने 1838 साली ते पाहिले आणि 1905 मध्ये तेओदोरेस्कू याने त्याचे नाव दुनालला वाहिले. भरपूर खारट पाणी, रखरखीत ऊन आणि नत्राची टंचाई असा तिहेरी मारा झाला की डुनालिएलाच्या कोरड्या वजनात 10 टक्क्यांपर्यंत बीटा कॅरोटीन साठते. हे कॅरोटीन तिने आपल्यासाठी केलेले नसते. हरितद्रव्य जाळणाऱ्या प्रकाशापुढे धरलेली ती आडोशाची ढाल असते. गोड्या पाण्यातल्या हीमॅटोकॉकसचेही तसेच. सुखात असताना ते हिरवे असते आणि झपाट्याने वाढते. उपासमार आणि प्रखर प्रकाश वाट्याला आले की पोहणे सोडून जाड भिंतीच्या गोळ्यात बसते आणि लाल अॅस्टाझॅन्थिनने भरते, कोरड्या वजनाच्या 4 टक्क्यांपर्यंत. पण त्या अवस्थेत ते वाढत नाही. म्हणून कारखान्यात दोन टप्पे करावे लागतात: आधी लाड, मग छळ. दोन्ही एकाच टाकीत, एकाच वेळी साधत नाहीत, आणि त्याचा खर्च किमतीत उतरतो.

या अडचणीकडे काणाडोळा केल्यामुळे शेवाळ-इंधनाचे स्वप्न वारंवार आपटले. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 1978 ते 1996 या काळात शेवाळापासून डिझेल काढण्याचा मोठा कार्यक्रम चालवला आणि सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केले. न्यू मेक्सिकोत रॉसवेल इथे हजार हजार चौरस मीटरचे तलाव बांधले गेले. हजारो वाण गोळा झाले. सुरुवातीची आशा अशी, की उपासमारीचा 'चाप' ओढला की शेवाळ तेलाने भरेल. तेलाची टक्केवारी वाढलीही. पण समारोपाच्या 1998 च्या अहवालाने स्वच्छ सांगितले: नत्र तोडले की वाढ इतकी मंदावते की तेलाचे एकूण उत्पादन वाढत नाही. हिशेब साधा आहे. समजा, पोटभर खाणारी टाकी चौरस मीटरमागे दिवसाला 20 ग्रॅम शेवाळ देते आणि त्यात 15 टक्के तेल आहे. म्हणजे 3 ग्रॅम तेल. उपाशी टाकी 45 टक्के तेलाचे शेवाळ देते, पण दिवसाला फक्त 5 ग्रॅम; म्हणजे सव्वादोन ग्रॅम. तिप्पट टक्केवारी मिरवणारी टाकी प्रत्यक्षात हरली. तरीही त्यानंतरची कित्येक वर्षे शेवाळ-इंधनाच्या जाहिराती टक्केवारीवरच चालल्या.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. परिस्थितीचे हे ओझे जनुकांत बदल करून उतरवता येणार नाही का? प्रयत्न झाले आहेत आणि ते हास्यास्पद नव्हते. एक्झॉनमोबिल आणि सिंथेटिक जीनॉमिक्स यांनी 2009 मध्ये हातमिळवणी केली, तेव्हा 60 कोटी डॉलरपर्यंतच्या खर्चाची घोषणा झाली होती. 2017 मध्ये त्यांच्या शास्त्रज्ञांनी नॅनोक्लोरॉप्सिस या शेवाळातल्या एका नियंत्रक जनुकाचा जोर कमी करून, वाढ फारशी न मंदावता, मेदाचे प्रमाण 20 टक्क्यांवरून 40 टक्क्यांच्या पुढे नेल्याचे प्रसिद्ध केले. जीवशास्त्राच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे: वाढ आणि साठा यांतली देवाणघेवाण अगदी दगडावरची रेघ नाही, हे तिने दाखवले. पण 2023 च्या सुरुवातीला एक्झॉनने या क्षेत्रातून अंग काढून घेतले. प्रयोगशाळेतल्या नियंत्रित उजेडातला वाण आणि उघड्या तलावातला वाण यांच्यामधले अंतर जनुकांनी बुजत नाही. वाण सुधारला तरी तो कोणत्या परिस्थितीत किती देतो हा प्रश्न तसाच राहतो.

उघड्या तलावाची एक वेगळी शिस्तही लक्षात घ्यायला हवी. तिथली परिस्थिती जशी शेवाळाची घडण ठरवते, तशी ती राखणदारीही करते. स्पिरुलिना इतक्या अल्कधर्मी पाण्यात वाढते की बहुतेक परके जीव तिथे तग धरत नाहीत. डुनालिएलाला मिठाचे कुंपण आहे. उघड्यावर मोठ्या प्रमाणात पिकवली जाणारी शेवाळे बोटांवर मोजण्याइतकीच का, याचे एक कारण हेच. आता उत्पादकाने वाढ वेगाने व्हावी म्हणून सोडा किंवा मीठ कमी केले, तर कुंपण पडते आणि टाकीत दुसरेच कोणी राज्य करू लागते. रॉसवेलच्या तलावांतही बाहेरून आणलेल्या वाणांना स्थानिक शेवाळांनी हुसकावले होते.

याचे निसर्गातले उदाहरण आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणारच्या विवरातले पाणी अल्कधर्मी आहे आणि त्याचा हिरवा रंग प्रामुख्याने स्पिरुलिनाच्या कुळातल्या नीलहरित जीवाणूंचा. 2020 च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले आणि राज्यभर चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले, की पाणी आटून क्षारता वाढली आणि मीठ मानवणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांनी जोर धरला, रंग त्यांचा. तलाव तोच होता, फक्त क्षारांचे प्रमाण बदलले आणि पाण्यातली सत्ताच बदलली. ज्याला टाकी सांभाळायची आहे त्याच्यासाठी लोणारचा धडा असा, की मीठ-सोड्याचे प्रमाण हे नुसते खत नव्हे. ते बदलले की माल बदलतो, आणि फार बदलले की मालकच बदलतो.

पाण्यात जे असेल ते शेवाळात येते, ही याच नियमाची दुसरी बाजू. पाण्यात लोह दिले तर स्पिरुलिनात लोह वाढते. पाण्यात शिसे किंवा अर्सेनिक असेल तर तेही पेशीच्या पृष्ठभागाला चिकटते. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या क्लामाथ तलावातून नैसर्गिक नीलहरित शेवाळ गोळा करून विकतात. त्यात विषारी मायक्रोसिस्टिन बनवणाऱ्या जाती मिसळण्याचा धोका असल्यामुळे राज्याला ग्रॅममागे एक मायक्रोग्रॅमची मर्यादा घालावी लागली. 'नैसर्गिक' हा शब्द या धंद्यात हमी देत नाही. हमी द्यायची तर ती पाण्याची द्यावी लागते.

मग प्रथिनांच्या त्या आकड्याचे काय? त्याचे दोन दोष आहेत. पहिला मोजणीचा. अन्नातले नत्र मोजून त्याला सव्वासहाने गुणले की प्रथिने, अशी रूढ रीत आहे. पण शेवाळातले सगळे नत्र प्रथिनांत नसते. झपाट्याने वाढणाऱ्या पेशीत न्यूक्लिक आम्लेही भरपूर असतात. म्हणून शेवाळासाठी हा गुणक पाचाच्या आसपास धरावा, असे अमायनो आम्ले मोजून केलेल्या अभ्यासांतून दिसते. म्हणजे डबीवरचे 65 टक्के पाचाच्या गुणकाने 52 होतात. दुसरा दोष मात्रेचा. दिवसाला 5 ग्रॅम स्पिरुलिना घेतली तर, टक्केवारी जशीच्या तशी धरली तरी, सव्वातीन ग्रॅम प्रथिने मिळतात. एका अंड्यात त्याच्या दुप्पट असतात, आणि वाटीभर तुरीच्या वरणाशी तर बरोबरीच नको. स्पिरुलिनाचा खरा उपयोग बीटा कॅरोटीन, लोह, फायकोसायनिन अशा थोडक्या मात्रेत काम करणाऱ्या घटकांत शोधायला हवा, आणि नेमके हेच घटक उजेड, नत्र, वाळवण व साठवण यांच्या मर्जीवर सर्वाधिक हलतात. शाकाहाऱ्यांना बी-12 मिळेल ही जाहिरातही टिकत नाही. स्पिरुलिनात प्रामुख्याने त्याचे असे रूप असते जे माणसाच्या शरीराला वापरता येत नाही.

योग्य प्रश्न विचारणारे ग्राहक अस्तित्वातच नाहीत असे नाही. कोळंबीच्या हॅचऱ्या पाहा. अंड्यातून निघालेल्या पिलांना पहिले खाद्य म्हणून कीटोसेरॉस, स्केलेटोनेमा, आयसोक्रायसिस अशी जिवंत शेवाळे द्यावी लागतात. हॅचरीवाला जातीच्या नावावर विसंबत नाही. तो कल्चर ऐन वाढीच्या भरात असतानाच वापरतो, कारण म्हातारे झालेले कल्चर तेच नाव धारण करूनही वेगळे खाद्य असते. त्यातली मेदाम्ले बदललेली असतात आणि जीवाणूंची भर पडलेली असते. चूक झाली तर शिक्षा तिथल्या तिथे, मेलेल्या पिलांच्या रूपाने मिळते. माणसाच्या पोषणात अशी तडकाफडकी शिक्षा नाही, म्हणून ढिलाई खपून जाते.

एवढे सगळे लेबलावर लिहिणे छोट्या उत्पादकाला परवडेल का, हा रास्त प्रश्न आहे. प्रत्येक हप्त्याची अमायनो आम्ले तपासणे त्याला परवडणार नाही, आणि तशी सक्ती केली तर मोठ्या कंपन्यांचेच फावेल. पण निम्मी माहिती फुकट आहे. काढणीची तारीख आणि वेळ, नत्राचा स्रोत, पाण्याचा उगम, वाळवण्याची रीत: हे तो वहीत लिहूनच असतो, नसल्यास लिहायला हवे. तपासण्या एकेका घटकाच्या असू द्याव्यात. फायकोसायनिन तर साध्या वर्णमापकावर मोजता येते आणि टाकी उपाशी होती की नाही हे त्यातून बरेचसे कळते. जड धातूंची तपासणी मात्र सवलतीचा विषय नाही. सरकारी खरेदी होते तिथे निविदेत 'स्पिरुलिना, अमुक किलो' एवढे लिहून भागवू नये. कोणत्या घटकासाठी ती घेतली जात आहे आणि तो किमान किती हवा, हे लिहावे. बालकांमधल्या 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेसाठी घ्यायची असेल तर कॅरोटीन मोजा. प्रथिनांसाठी घ्यायची असेल तर आधी डाळीचा भाव विचारा.

संशोधनातही हीच शिस्त हवी. अमुक शेवाळात 50 टक्के तेल सापडले, अशा बातमीला तोवर काही अर्थ नाही जोवर ते चौरस मीटरमागे दिवसाला किती ग्रॅम, किती दिवस टिकून आणि कोणत्या उजेडात, हे सांगितले जात नाही. एका आकड्यात शेवाळाची आवडती बाजू दाखवता येते, दोन आकड्यांत तिची किंमतही. विद्यापीठाने शोधनिबंध स्वीकारताना आणि बँकेने टाक्यांसाठी कर्ज मंजूर करताना निदान हा दुसरा आकडा मागितला, तरी या क्षेत्रातले निम्मे फुगे न फुगताच राहतील, आणि जे उत्पादक मनापासून टाकी सांभाळतात त्यांच्या मालाला त्यांच्या कष्टाचा भाव मिळू लागेल.